बाळंतविडा: जुन्या लुगड्यापासून पिवळ्या चिठ्ठीपर्यंत



घरात बाळ येणार असलं की भारतातून निघालेल्या आजीच्या बॅगेत बाळंतविडा असतोच. चार झबली, दोन टोपडी, एक कुंची, दोन-तीन मऊ दुपटी आणि जुन्या सुती साड्या फाडून शिवलेली बाळोती. इकडे अमेरिकेत तोवर कपाटात वनझी, स्लीपर आणि डायपर यांचा ढीग लागलेला असतो. मग पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, बाळाला घालायचं काय? आजी म्हणते, "अगं, टोपडं घाल, डोकं उघडं आहे." आई म्हणते, "डॉक्टर नको म्हणालेत." आज आपण या दोन्ही ढिगांचा इतिहास बघू. तो कळला की कुरबुरीचं निम्मं कारण उरत नाही.

सुरुवात आजीच्या बॅगेपासून. आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनं. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं, पाणीही पटकन टिपत नाही. शंभरदा धुतलेलं लुगडं मऊ पडतं, लगेच टिपतं आणि लवकर वाळतं. शिवाय आजीचं लुगडं म्हणजे तिच्या दीर्घायुष्याचा आशीर्वाद, ही भावनाही त्यात असते. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी खरेदी करू नये असं अनेक घरांत अजून मानतात. बाळं दगावण्याचं प्रमाण फार होतं, त्या काळातली ही सावधगिरी आहे. म्हणून नवं अंगडं-टोपडं यायचं ते बारशाला.

या विचाराची मुळं जुनी आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाबद्दल सांगितलं आहे. ते मऊ, हलकं, स्वच्छ आणि सुगंधी असावं. घामाचं, मळलेलं, किडे असलेलं कापड वापरू नये. दुसरं मिळतच नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडं करून वापरावं. कापड नवं असावं असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

आता इकडच्या ढिगाकडे येऊ. युरोपात शतकानुशतकं तान्ह्या बाळाला पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवत. १७४८ साली विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरांनी बालसंगोपनावर निबंध लिहिला आणि या बांधण्यावर कडक टीका केली. बाळाचे कपडे सैल आणि हलके असावेत असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे पट्ट्या गेल्या आणि लांब पांढरे झगे आले, मुलगा असो की मुलगी. पांढरंच का, तर ते उकळून धुता येतं, रंग जायची भीती नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ सालचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात अडीच वर्षांचे रूझवेल्ट लांब केस आणि पांढरा झगा अशा वेशात बसले आहेत. त्या काळी कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

मुलाला निळा आणि मुलीला गुलाबी हा नियमही आपण समजतो तितका जुना नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने उलटाच सल्ला दिला होता. गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलांना, निळा नाजूक म्हणून मुलींना! आजची वाटणी घट्ट झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हा बारशाला कुणी मुलासाठी गुलाबी झबलं आणलं तर खुशाल घाला.

लंगोटाची गोष्ट तर शोधांची मालिकाच आहे. न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, मॅरियन डोनोव्हन या आईने तयार केलेलं लंगोटावरचं जलरोधक आवरण न्यू यॉर्कच्या दुकानात विकायला आलं. पहिला नमुना तिने न्हाणीघराच्या पडद्यातून शिवला होता आणि पिनेऐवजी टिचबटणं लावली होती. १९६१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पॅम्पर्स बाजारात आणले, आणि दोरीवर बाळोत्यांची रांग दिसणं इथे हळूहळू कमी झालं.

आता लेबलांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. सैल सुती झोपायचे कपडे शेगडी किंवा हीटरजवळ पटकन पेट घेतात, आणि त्यात अनेक मुलं भाजली. म्हणून १९७१ साली अमेरिकी सरकारने मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी ज्वलनाचे निकष ठरवले. ते पाळण्यासाठी कारखानदारांनी ट्रिस नावाचं रसायन वापरायला सुरुवात केली. त्यापासून कर्करोगाचा धोका दिसला आणि १९७७ मध्ये त्यावर बंदी आली. १९९६ मध्ये नियम बदलले. नऊ महिन्यांपर्यंतच्या मापाला सूट मिळाली, कारण एवढंसं बाळ स्वतःहून आगीजवळ जात नाही. मोठ्या मापात अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांना सूट मिळाली, कारण घट्ट कपडा सहज पेटत नाही. दुकानात सुती पायजम्याला लटकवलेली पिवळी चिठ्ठी दिसते ना, ती हेच सांगते: हा कपडा घट्टच घाला. म्हणून पुढे मोठ्या मापाचे सुती नाइटसूट घेताना "वाढत्या अंगाचा" म्हणून एक माप मोठं घेऊ नका. आपली ही काटकसर इथे धोक्याची आहे.

असाच बदल गाडीमुळे झाला. बाळाला कार सीटमध्ये बसवण्याचा कायदा टेनेसी राज्यात १९७८ मध्ये लागू झाला आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत आला. सीटचा एक पट्टा बाळाच्या दोन पायांमधून जातो. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला तो लावता येत नाही. म्हणून दवाखान्यातून घरी आणताना पाय मोकळे असलेला पातळ कपडा लागतो. दुपटं पट्टे लावून झाल्यावर वरून घाला.

झोपेचंही तसंच. १९९२ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने बाळाला उताणं झोपवायला सांगितलं आणि १९९४ पासून देशभर त्याची मोहीम झाली. त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप खाली आली. पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, गोधडी नको असं म्हणतात ते यासाठी. २०२२ च्या सूचनांत घरात टोपी घालू नये असंही आहे. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकतं, आणि गरम केलेल्या घरात टोपडं घातलं की त्याला उकडतं. गावाकडच्या थंडीत, वाऱ्यात टोपडं हवंच होतं. सत्तर अंश फॅरनहाइटच्या बंद घरात ते बाहेर जाताना घाला, आत आलं की काढा.

मग बॅगेतलं काय वापरायचं? जवळजवळ सगळं. नाळ पडेपर्यंत पुढून उघडणारं झबलं वनझीपेक्षा सोयीचं, फक्त गळ्याजवळचे लांब बंद कापून टिचबटण लावा. जुन्या साडीची बाळोती दूध पुसायला, मांडीवर घ्यायला उत्तम. कुंची बारशाच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, फोटोपुरती. मनगट्यांचे मणी मात्र बाळाच्या तोंडात जाऊ शकतात, त्या डबीतच बऱ्या. आणि दुकानातून आणाल ते नवजात मापात मोजकंच घ्या, आधी एकदा धुवा. बाळं महिन्याभरात त्या मापातून बाहेर पडतात.

आजीला एवढंच सांगा, की तिची दुपटी वापरात आहेत. पाळण्यात नसतील, पण मांडीवर रोज आहेत.