अनुकूली सराव नियोजन (कृत्रिम बुद्धिमत्ता)

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अनुकूली सराव नियोजन म्हणजे लांब पल्ल्याचे धावणे, सायकल शर्यती, पोहणे, ट्रायथलॉन अशा दमसासाच्या क्रीडाप्रकारांतील खेळाडूंसाठी संगणकीय प्रणालीने सरावाचा आराखडा तयार करणे आणि खेळाडूच्या रोजच्या नोंदींनुसार तो बदलत राहणे होय. छापील आराखड्यात १२ किंवा १६ आठवड्यांचा कार्यक्रम आरंभीच ठरलेला असतो. अनुकूली आराखड्यात उद्याचा सराव हा मागील दिवसांत प्रत्यक्ष काय घडले यावर ठरतो. पुरेसा ताण दिल्याखेरीज क्षमता वाढत नाही आणि ताण अधिक झाल्यास दुखापत किंवा दीर्घकाळ टिकणारा थकवा येतो. या दोहोंमधील मर्यादा प्रत्येक व्यक्तीत व प्रत्येक आठवड्यात वेगळी असल्याने अशा नियोजनाची गरज निर्माण झाली.

== पार्श्वभूमी ==

ताण, विश्रांती आणि त्यांतून होणारी क्षमतावाढ हे क्रीडाप्रशिक्षणाचे मूळ सूत्र आहे. ताणाला शरीर टप्प्याटप्प्याने कसा प्रतिसाद देते, याची मांडणी हान्स सेल्ये यांनी १९३६ साली केली. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी सरावाचे कालखंड पाडले. त्यांच्या पद्धतीत प्रथम अनेक आठवडे लांब अंतराचे धावणे, मग चढावरील सराव आणि शेवटी वेगाचा सराव असा क्रम होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी ८०० मीटर आणि मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. सोव्हिएत संघात लेव मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात कालखंडांच्या कल्पनेला सैद्धान्तिक चौकट दिली.

या सर्व पद्धतींत आराखड्यातील दैनंदिन फेरफार प्रशिक्षक स्वतः करीत असे. खेळाडूची चाल, चेहरा, झोप, भूक आणि बोलणे यांवरून तो त्या दिवसाचा सराव वाढवी किंवा कमी करी. अनुकूली प्रणाली हेच काम आकड्यांच्या आधारे करू पाहते.

== गणिती आधार ==

आजच्या बहुतेक प्रणालींमागील विचार कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे एरिक बॅनिस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली मांडलेल्या प्रतिमानापर्यंत मागे नेता येतो. या प्रतिमानानुसार प्रत्येक सरावाचे दोन परिणाम एकाच वेळी होतात : तंदुरुस्ती वाढते आणि थकवाही वाढतो. थकवा लवकर चढतो व लवकर उतरतो. तंदुरुस्ती हळूहळू वाढते व हळूहळू ओसरते. कोणत्याही दिवशीची कामगिरी या दोहोंच्या फरकावर अवलंबून असते.

पुढे अँड्र्यू कॉगन यांनी सायकलपटूंसाठी या प्रतिमानाचे सोपे रूप प्रचारात आणले. त्यात एक तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराने केलेल्या एका तासाच्या सरावाला १०० गुण दिले जातात. तंदुरुस्तीसाठी ४२ दिवसांची आणि थकव्यासाठी ७ दिवसांची भारित सरासरी काढली जाते. समजा, एखाद्या खेळाडूची तंदुरुस्ती ५० व थकवा ६० आहे आणि त्याने १०० गुणांचा सराव केला. त्या दिवशी तंदुरुस्ती सुमारे ५१.२ आणि थकवा सुमारे ६५.७ होतो. त्यानंतर ३ दिवस पूर्ण विश्रांती घेतल्यास थकवा सुमारे ४१.४ पर्यंत उतरतो, तर तंदुरुस्ती केवळ ४७.६ पर्यंत खाली येते. दोहोंतील फरक उणे १४.५ वरून अधिक ६.२ होतो. शर्यतीपूर्वी सराव कमी करण्याच्या प्रथेचे स्पष्टीकरण या हिशोबातून मिळते.

या हिशोबातील ४२ आणि ७ हे आकडे सर्वांसाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात एखाद्याचा थकवा ४ दिवसांत उतरतो, तर दुसऱ्याला १२ दिवस लागतात. हे वैयक्तिक आकडे नोंदींमधून शोधून काढणे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे येथील पहिले काम होय.

== माहितीचे स्रोत ==

* हृदयगती : फिनलंडमधील पोलार कंपनीने १९८२ साली बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणला. छातीवरील पट्टा सामान्यतः मनगटी घड्याळापेक्षा अचूक असतो. घड्याळातील प्रकाशसंवेदक कधी कधी पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजतो. असा धावपटू संथ धावत असला तरी नोंदीत तो अतिश्रम करताना दिसतो.
* शक्ती : जर्मन अभियंता उलरिच शोबरर यांनी १९८६ साली सायकलच्या पायडलांवर लावलेला जोर वॅटमध्ये मोजणारे उपकरण तयार केले. वारा किंवा चढ असला तरी श्रमाचे हे माप बदलत नाही.
* वेग व अंतर : ही नोंद उपग्रहाधारित स्थाननिश्चितीवरून मिळते. उंच इमारतींच्या गर्दीत तिच्यात चूक होते.
* हृदयगती-परिवर्तनशीलता : दोन ठोक्यांमधील अंतरात होणारा सूक्ष्म बदल. सकाळी, विश्रांतीच्या अवस्थेत घेतलेल्या या नोंदीवरून शरीर कितपत सावरले आहे याचा अंदाज केला जातो.
* खेळाडूचे स्वतःचे मत : स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी जाणवलेल्या श्रमासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. अनेक प्रणाली तिचे १० गुणांचे रूप वापरतात.

हवामानाची नोंद नसल्यास इतर आकड्यांचा अर्थ बदलतो. मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेत त्याच वेगाला हृदयगती अधिक राहते. हे लक्षात न घेणारी प्रणाली खेळाडूची क्षमता घटली, असा चुकीचा निष्कर्ष काढू शकते.

== कार्यपद्धती ==

प्रणाली प्रथम खेळाडूचे लक्ष्य, शर्यतीची तारीख, उपलब्ध वेळ आणि मागील नोंदी घेऊन प्रारंभिक आराखडा करते. प्रत्येक सरावानंतर अपेक्षित व प्रत्यक्ष कामगिरीची तुलना होते. ठरलेला वेग सहज साधला गेल्यास पुढचा सराव किंचित कठीण केला जातो. अर्ध्यावर सोडावा लागल्यास सोपा केला जातो. तापामुळे ४ दिवस बुडाल्यास ते अंतर पुढील आठवड्यात भरून काढण्याऐवजी उरलेल्या दिवसांची फेरमांडणी केली जाते.

यासाठी यंत्र शिक्षणाच्या पद्धती वापरल्या जातात. पुष्कळ खेळाडूंच्या नोंदींवरून सर्वसाधारण नियम शिकला जातो आणि मग एका खेळाडूच्या नोंदींनी तो व्यक्तिगत केला जातो. थॉर्स्टन एमिग आणि युस्सी पेल्टोनेन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १४,००० धावपटूंच्या १६ लाख सरावनोंदी तपासून, केवळ अंतर व वेळ यांवरून सहनशक्तीचे व्यक्तिगत निर्देशांक काढता येतात असे दाखवले.

ट्रेनररोड या अमेरिकी सेवेने २०२१ साली सायकलपटूंसाठी अनुकूली सराव सुरू केला. गार्मिनसारख्या घड्याळ कंपन्याही रोजचा सराव सुचवतात. मात्र व्यावसायिक प्रणालींची अंतर्गत रचना बहुधा जाहीर केलेली नसते आणि ठरावीक नियमांवर चालणाऱ्या साध्या प्रणालींनाही काही वेळा कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव दिले जाते.

== परिणामकारकता ==

शरीराच्या अवस्थेनुसार सराव बदलण्याच्या कल्पनेला काही प्रायोगिक आधार आहे. फिनलंडमधील अँटी किविनिएमी आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या प्रयोगात एका गटाने परिवर्तनशीलतेची सकाळची नोंद नेहमीच्या मर्यादेत असेल त्याच दिवशी कठीण सराव केला. ठरावीक आराखडा पाळणाऱ्या गटापेक्षा या गटाची धावण्याची कमाल क्षमता अधिक वाढली. हा प्रयोग अल्पकाळाचा आणि थोड्या व्यक्तींवरील होता. पुढील अभ्यासांत असा लाभ दरवेळी तितकाच स्पष्ट दिसलेला नाही.

दुखापतीच्या पूर्वानुमानाबाबतचा पुरावा याहून दुबळा आहे. चालू आठवड्याचा भार आणि मागील काही आठवड्यांचा सरासरी भार यांच्या गुणोत्तरावरून दुखापतीचा धोका सांगता येतो, हे टिम गॅबेट यांचे मत २०१६ नंतर लोकप्रिय झाले. फ्रँको इम्पेलिझेरी आणि इतर संशोधकांनी या गुणोत्तराच्या गणिती पायावर आणि त्यातून काढल्या जाणाऱ्या कार्यकारणभावावर गंभीर आक्षेप घेतले.

भाषिक प्रतिमानांनी लिहिलेल्या आराखड्यांचीही तपासणी झाली आहे. पीटर ड्युकिंग आणि सहकाऱ्यांच्या २०२४ सालच्या अभ्यासात चॅटजीपीटीने धावपटूंसाठी केलेले आराखडे अनुभवी प्रशिक्षकांनी पारखले. खेळाडूची माहिती जितकी अधिक पुरवली, तितका आराखडा सुधारला. तरीही तो सर्वोत्तम ठरला नाही.

== मर्यादा ==

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की एकाच आकड्याचे परस्परविरुद्ध अर्थ संभवतात. त्याच वेगाला हृदयगती कमी होणे हे सामान्यतः तंदुरुस्ती वाढल्याचे चिन्ह आहे. परंतु सरावाचा अतिरेक झाल्यावर काही खेळाडूंतही नेमके हेच दिसते. अशा वेळी केवळ हृदयगती पाहणारी प्रणाली प्रगती झाली असे समजून भार वाढवू शकते. पाय जड वाटणे, झोप बिघडणे, सरावाची इच्छा नाहीशी होणे या लक्षणांवरून फरक ओळखता येतो. ती खेळाडूने सांगितली तरच प्रणालीला कळतात. अतिसराव लक्षणसमूहाचे निदान करणारी कोणतीही एक निर्णायक चाचणी नाही, असे युरोपीय क्रीडाविज्ञान व अमेरिकी क्रीडावैद्यक संघटनांच्या २०१३ सालच्या संयुक्त निवेदनात म्हटले आहे. अशा खेळाडूला सावरण्यास काही महिनेही लागू शकतात.

अपुऱ्या आहाराचा प्रश्नही असाच आहे. श्रमाच्या मानाने आहार कमी पडल्यास मासिक पाळी, हाडे व प्रतिकारशक्ती यांवर विपरीत परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेविषयी निवेदन प्रसिद्ध केले. सरावाच्या नोंदीत आहार दिसत नाही. क्रीडाविज्ञानातील संशोधनात स्त्रियांचा सहभाग दीर्घकाळ कमी राहिल्याने त्यावर आधारलेले नियम स्त्री-खेळाडूंना जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही.

नोंदींच्या गोपनीयतेचाही प्रश्न आहे. स्ट्राव्हा या सेवेने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांवरील धावण्याचे मार्ग ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. नकाशात व्यक्तींची नावे नव्हती.

== प्रशिक्षकाचे स्थान ==

वैयक्तिक प्रशिक्षक न परवडणाऱ्या हौशी खेळाडूंना अनुकूली प्रणालींमुळे रोजचे मार्गदर्शन उपलब्ध झाले आहे. ज्यांना प्रशिक्षक आहे, त्यांच्याबाबतीत नोंदींची छाननी आणि वेळापत्रकाची फेरमांडणी प्रणालीकडे, तर अंतिम निर्णय प्रशिक्षकाकडे अशी विभागणी करता येते. छातीत दुखणे, भोवळ, ताप किंवा हाडावर एकाच जागी टिकून राहणारी वेदना असल्यास प्रणालीने सराव सुचवलेला असला तरी तो थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.