संमति कोणाची?

गर्भपाताच्या कायद्याची गोष्ट निघाली कीं लोकांचें लक्ष आठवड्यांच्या आंकड्याकडे जातें. किती आठवड्यांपर्यंत परवानगी, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु त्याच्याहि आधींचा एक प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर मिळविण्यास या देशास शंभरावर वर्षें लागलीं. संमति कोणाची घ्यावयाची?

१८६० च्या पीनल कोडांत स्त्रीच्या संमतीचा उल्लेख नव्हता असें नाहीं. कलमें ३१२ व ३१३ शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे त्या संमतीची किंमत कळते. तिच्या संमतीनें गर्भपात करणारास ३ वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास ७ वर्षांपर्यंत. संमतीवांचून केल्यास जन्मठेपेपर्यंत. म्हणजे संमतीनें गुन्हा नाहींसा होत नसे, शिक्षा तेवढी उतरे. आणि संमति देणारी? स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीहि कलम ३१२ खालीं आरोपीच ठरे. मातेचा जीव वाचविण्याकरितां सद्धेतूनें केलेला गर्भपात, एवढाच काय तो अपवाद.

कायद्याच्या या धाकानें गर्भपात थांबले नाहींत. ते चोरून होऊं लागले, आणि त्यांत स्त्रिया मरत. अखेर १९६४ सालीं सरकारनें महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून अमलांत आला. या कायद्यानें डॉक्टरच्या हातीं पुष्कळ सत्ता ठेवली आहे. कारण पुरेसें आहे कीं नाहीं हें त्यानेंच ठरवावयाचें, आणि ही उणीव लहान नव्हे. पण कलम ३ मध्यें एक गोष्ट निःसंदिग्ध लिहिली: गर्भवती स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करतां येणार नाहीं. मुलगी १८ वर्षांखालील असेल, किंवा स्त्री मनोरुग्ण असेल, तर पालकाची लेखी संमति. संमतीच्या या कलमांत पतीचें नांव कोठेंच नाहीं. सासूसासऱ्यांचें तर नाहींच.

संमति म्हणजे तरी काय? उपचाराचें स्वरूप, त्यांतील धोके व दुसरे मार्ग रोग्यास सांगितल्यावांचून घेतलेली सही ही संमति नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ मध्यें एका शस्त्रक्रियेच्या खटल्यांत ठरविलें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानानें मात्र गर्भपातापूर्वीं स्त्रीस काय सांगावें हें कायद्यांतच लिहून ठेवलें, आणि त्यानंतर २४ तास थांबण्याची अट घातली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९२ मध्यें ती अट मान्य केली, परंतु पतीस कळविण्याची सक्ति रद्द केली. भारतीय कायद्यांत अशी थांबण्याची अट नाहीं.

खरी कसोटी २००९ मध्यें लागली. चंदिगडच्या सरकारी आश्रमांतील एका अनाथ, मतिमंद तरुणीवर बलात्कार होऊन तिला दिवस गेले. प्रशासनानें गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयानें ती दिली. हेतु वाईट नव्हता. पण त्या मुलीला मूल हवें होतें! मनोरुग्णता व सौम्य बुद्धिमांद्य या दोन गोष्टी एक नव्हेत. तरुणी सज्ञान आहे. सबब तिच्या संमतीच्या जागीं दुसऱ्या कोणाची संमति चालणार नाहीं, असें सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या पीठानें ठरविलें. गर्भपाताची मुभा देणारें कलमच येथें गर्भ राखण्याच्या कामीं आलें.

इकडे दवाखान्यांतून पतीची सही मागण्याची चाल पडली होती. पुढें तंटा नको, हें व्यवहारी शहाणपण, कायदा नव्हे. आपणांस न विचारतां गर्भपात केला म्हणून एका पतीनें पत्नीवर व डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानें तो २०११ मध्यें फेटाळला, आणि २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि पतीस दाद दिली नाहीं. पुढें २९ सप्टेंबर २०२२ रोजीं न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें, डॉक्टरांनीं कुटुंबाच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालूं नयेत, असें स्पष्ट बजावलें.

१ जुलै २०२४ रोजीं जुन्या पीनल कोडाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तिच्या कलमें ८८ व ८९ मध्यें हे दोन्ही गुन्हे कायम आहेत, आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीविषयींचें तें स्पष्टीकरणहि.