टी.सी. आनंदकुमार

त्रिचनापल्ली चेल्वराज आनंदकुमार (इ.स. १९३६ - २६ जानेवारी, इ.स. २०१०, बंगळूर) हे भारतीय प्रजननशास्त्रज्ञ आणि चेता-अंतःस्रावशास्त्राचे संशोधक होते. मुंबईतील परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे ते संचालक होते. मुंबईत इ.स. १९८६ साली जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या शिल्पकारांपैकी ते एक होत. हे देशातील पहिले टेस्ट ट्यूब बालक मानले जात असे. तो मान कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा आहे, हे पुढे आनंदकुमार यांनीच पुराव्यानिशी मांडले.

चेता-अंतःस्रावशास्त्रातील संशोधन

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो आणि त्या ग्रंथीची संप्रेरके बीजांडकोश व वृषण यांचे कार्य चालवतात. मेंदू आणि संप्रेरके यांच्या या परस्परसंबंधाचा अभ्यास म्हणजे चेता-अंतःस्रावशास्त्र. आनंदकुमार यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत असताना ऱ्हीसस माकडांवर या विषयाचे संशोधन केले.

इ.स. १९७४ साली त्यांचा व सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध बंगळूरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ट्रिटियमने चिन्हांकित केलेली इस्ट्रॅडिओल व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके काही माकडांना शिरेतून, तर काहींना नाकात फवारून देण्यात आली. फवाऱ्याने दिलेले संप्रेरक मेंदूभोवतीच्या मेरुद्रवात अधिक प्रमाणात पोहोचते, असे त्यात दिसून आले. अल्प मात्रेत थेट मेंदूवर परिणाम करणारे गर्भनिरोधक बनवता येईल का, हा या संशोधनामागील विचार होता. इ.स. १९८० साली नाकावाटे दिलेल्या संप्रेरकांचा नर माकडांच्या शुक्रजननावरील परिणामही त्यांनी प्रसिद्ध केला.

परळ येथील कार्य

प्रजनन संशोधन संस्था ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. तिच्या संचालकपदी असताना आनंदकुमार यांनी केईएम रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह शरीरबाह्य फलनाचा कार्यक्रम राबवला. त्यातून ६ ऑगस्ट, इ.स. १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा या मुलीचा जन्म झाला. निवृत्तीनंतर ते बंगळूर येथे वंध्यत्व उपचाराचे केंद्र चालवीत.

श्रेयाचा प्रश्न

कोलकात्यात ३ ऑक्टोबर, इ.स. १९७८ रोजी, म्हणजे इंग्लंडमधील लुईझ ब्राउनच्या जन्मानंतर दहा आठवड्यांनी, 'दुर्गा' या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या मुलीचा जन्म झाला होता. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन बीजांडकोश उद्दीपित केला, योनिमार्गातून बीजांडे काढली आणि भ्रूण गोठवून ठेवून नंतरच्या ऋतुचक्रात गर्भाशयात सोडला. मात्र राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. त्यांना जपानला जाण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि पुढे नेत्रविज्ञान संस्थेत त्यांची बदली झाली. इ.स. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेल्या जन्माची पहिली सर्वमान्य नोंद त्यानंतर, इ.स. १९८४ साली, ऑस्ट्रेलियात झाली.

मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे आनंदकुमार यांच्या पाहण्यात आली. ती तपासल्यावर इ.स. १९९७ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'मध्येच लेख लिहून मुखोपाध्याय हेच भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार असल्याचे प्रतिपादन केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इ.स. २००५च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मुखोपाध्याय यांच्या कार्याची नोंद आहे. हर्षाचा उल्लेख आता 'शास्त्रीय नोंदी असलेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी' असा करतात.

संदर्भमूल्य

नाकावाटे मेंदूपर्यंत औषध पोहोचवण्याच्या पद्धतींचा आढावा घेणाऱ्या लेखांत इ.स. १९७४चा निबंध आजही उद्धृत केला जातो. इ.स. १९९७चा लेख भारतातील शरीरबाह्य फलनाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरला. पहिल्या निबंधाने आनंदकुमार यांच्या नावावर एक निष्कर्ष जमा केला. दुसऱ्या लेखाने त्यांच्या नावावरील एक मान योग्य व्यक्तीकडे गेला.