लाकूड गेलं, ‘वूड’ राहिलं

मित्राने गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यासाठीचा क्लब (काठी), घेतला आणि जुना विकायला काढण्याआधी दोघांची एकदा कुस्ती लावू म्हणाला. मी गोल्फ खेळतो असं म्हणणं धाडसाचं होईल, पण आकडे लिहून घ्यायला त्याला कुणीतरी हवं होतं. म्हणून एका रविवारी सकाळी पुण्यातल्या ड्रायव्हिंग रेंजवर वही घेऊन बसलो. जुना म्हणजे जेमतेम दोन वर्षांचा, त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला. दोघांचंही डोकं 460 घनसेंटीमीटरचं, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, दांडा साडेपंचेचाळीस इंच. नव्याच्या तोंडाचा रंग वेगळा आणि बुडाचा वजनाचा स्क्रू थोडा मागे सरकलेला, एवढाच फरक डोळ्यांना दिसत होता. चाळीसेक चेंडू मारून झाल्यावर वहीतही तेवढाच दिसला. मधोमध बसलेले फटके दोघांचे सारखेच लांब गेले. कडेला बसलेले फटके नव्याचे जरा कमी भरकटले. मित्राचा चेहरा उतरला. घरी काय सांगायचं, हा त्याचा खरा प्रश्न होता.

मला नवल वाटलं नाही. नवा ड्रायव्हर जुन्यापेक्षा डोळ्यांत भरेल इतका लांब मारू लागला, तर तो बहुधा नियमबाह्य ठरेल. ही पाळी का आली, हे कळायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडमध्ये ड्रायव्हरला ‘प्ले क्लब’ म्हणत. सेंट अँड्र्यूजच्या ह्यू फिल्प या कारागिराचे क्लब आजही संग्राहक जीव टाकून जपतात. लांबुळकं, निमुळतं, चोचीसारखं डोकं. बीच, सफरचंद किंवा नासपतीच्या लाकडाचं. पाठीला खोबण कोरून तीत शिसं ओतलेलं आणि तोंडाच्या खालच्या कडेला, जमिनीवर घासून झिजू नये म्हणून, मेंढ्याच्या शिंगाची पट्टी लाकडी खुंट्यांनी ठोकलेली. डोकं आणि दांडा तिरके छाटून सरसाने जोडायचे आणि सांध्यावर डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळायचा. इतकी नाजूक वस्तू चालायची, कारण चेंडूही तसाच होता. चामड्याच्या पिशवीत टोपीभर उकडलेली पिसं कोंबून शिवलेला. कोलकात्यात 1829 साली गोल्फ खेळणाऱ्यांचा क्लब निघाला तेव्हा खेळात हाच पिसांचा चेंडू होता. एक कारागीर दिवसाला तीन-चारच चेंडू करू शके, त्यामुळे कित्येकदा चेंडू क्लबपेक्षा महाग पडे.

1848 च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की दगडासारखा घट्ट. सेंट अँड्र्यूजमध्ये एका कुटुंबाला पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती धक्के लागू नयेत म्हणून गटापर्चाच्या तुकड्यांत बांधली होती आणि त्याच तुकड्यांतून घरातल्या मुलाने पहिला चेंडू वळला, अशी आख्यायिका गोल्फवाले रंगवून सांगतात. खरंखोटं विष्णूलाच ठाऊक. चेंडू मात्र स्वस्त झाला आणि कठीण झाला, आणि फिल्पच्या चोची तडकू लागल्या. कारागिरांनी आधी तोंडावर चामड्याची ठिगळं मारली. मग डोकंच आखूड आणि जाड केलं. ड्रायव्हर स्वतःहून फारसा बदलत नाही, चेंडू त्याला बदलायला लावतो. त्याचा हा पहिला ठळक दाखला.

1880 च्या दशकात या आखूड डोक्याच्या तोंडाला किंचित फुगवटा देण्यात आला. त्या क्लबला ‘बल्जर’ म्हणत. शोध कुणाचा यावर विली पार्क धाकटा आणि हेन्री लॅम्ब या दोघांनीही हक्क सांगितला. फुगवटा कशासाठी? चेंडू तोंडाच्या टोकाकडे लागला की डोकं गर्रकन वळतं आणि एका दातेरी चाकाने दुसरं उलट फिरावं तसा चेंडूला उलटा फेर देतं. सपाट तोंडावरून हा चेंडू सरळ निघून भलतीकडे वळेल. फुगीर तोंडावरून तो आधीच थोडा बाहेरच्या बाजूला निघतो आणि वळत वळत मैदानात परत येतो. एक चूक दुसरीने वळती करून घेण्याची ही युक्ती आजच्या कार्बनच्या तोंडावरही आहे. मित्राच्या नव्याकोऱ्या ड्रायव्हरच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवून पाहिली, तर दोन्ही टोकांना फट दिसली.

त्यानंतरचं राज्य पर्सिमनचं. हे अमेरिकेतलं झाड म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं सख्खं भावंड. दोघांची प्रजाती एकच, डायॉस्पायरॉस. इकडे गोंदिया-गडचिरोलीत टेंभुर्णीची पानं विडीत गेली, तिकडे पर्सिमनचं घट्ट, जड लाकूड गोल्फच्या पिशवीत. ठोकळा महिनोन्‌महिने वाळवायचा, तेलात मुरवायचा, घडवायचा, तोंडात प्लॅस्टिकची चकती बसवून ती स्क्रूंनी आवळायची, बुडाला पितळी पट्टी, मानेला काळा दोरा. पावसात भिजला की फुगायचा. एकाच कारखान्यातले दोन ड्रायव्हर सारखे निघतील याचीही खात्री नसे, कारण दोन झाडं सारखी नसतात. खेळाडू मनासारखा एक सापडला की वर्षानुवर्षं तोच वापरत. त्या काळात कुणी ‘मागच्या मॉडेलशी तुलना’ केली असेल असं वाटत नाही. लोक नव्याची तुलना आपल्या लाडक्या जुन्याशी करत, आणि नवा बहुतेक वेळा हरे.

दांडा मधल्या काळात हिकरीच्या लाकडातून पोलादाचा झाला. अमेरिकेने तो 1920 च्या दशकात मान्य केला, सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ या नियामक संस्थेने 1929 साली. डोकं मात्र लाकडीच राहिलं. ते दुबळं होतं असं कुणी समजू नये. 1963 साली डॅलसला झालेल्या लांब फटक्याच्या स्पर्धेत जॅक निकलॉसने पर्सिमनच्याच ड्रायव्हरने 341 यार्ड 17 इंच चेंडू मारला होता.

मग 1979 उजाडलं. गोल्फचं सामान विकणाऱ्या गॅरी अ‍ॅडम्सने घर गहाण टाकून 24,000 डॉलर उभे केले, टेलरमेड ही कंपनी काढली आणि ओतीव स्टेनलेस स्टीलचा पोकळ ड्रायव्हर बाजारात आणला. लोक त्याला थट्टेने म्हणा, कौतुकाने म्हणा, ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हणू लागले. पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेतलं पोलादाचं गाव. धातू आला तरी त्याला झाडाचंच नाव चिकटलं. ड्रायव्हरला ‘वन-वूड’ आणि त्याच्या धाकट्या भावाला ‘थ्री-वूड’ म्हणायची सवयही गेली नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात डेनिस लिली पर्थच्या कसोटीत अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्लीने तक्रार केली, पंचांनी बॅट बदलायला लावली, लिलीने ती रागाने भिरकावली आणि पुढे क्रिकेटच्या नियमात स्पष्ट लिहिलं गेलं की बॅटचं पातं लाकडाचंच हवं. विलोचं झाड वाचलं म्हणायचं, की कापलं जायचं थांबलं नाही म्हणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. गोल्फने दार उघडं ठेवलं. 1981 साली रॉन स्ट्रेकने ह्यूस्टनला धातूचा ड्रायव्हर वापरून पीजीए टूरची स्पर्धा जिंकली, आणि बारा वर्षांत पर्सिमन जवळपास संपलं. 1993 च्या मास्टर्समध्ये बर्नहार्ड लांगर जिंकला, ती पर्सिमनने मारलेली शेवटची मोठी बाजी.

धातूने नेमकं काय दिलं? लाकूड भरीव असतं, धातूचं डोकं पोकळ करता येतं. तेच दोनशे ग्रॅम मध्यभागातून काढून कडांना वाटता येतात. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही. दोन्ही टोकांची ओझी त्याला रोखतात. तसंच हे डोकं टोकाला फटका बसला तरी कमी पिळवटतं. 1991 साली ईली कॅलवेने, जो आधी कापडधंद्यात आणि मग द्राक्षमळ्यात होता, 190 घनसेंटीमीटरचा ‘बिग बर्था’ काढला. नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं. तेव्हा तो अवाढव्य वाटला. आज तो थ्री-वूडच्या शेजारी ठेवला तर मोठासा दिसणार नाही.

1995 मध्ये कॅलवेच्याच ‘ग्रेट बिग बर्था’त टायटॅनियम आलं आणि खरी उलथापालथ झाली. हा धातू पोलादापेक्षा बराच हलका आणि तितकाच चिवट, म्हणून डोकं आणखी फुगवता आलं आणि तोंड पातळ करता आलं. पातळ तोंड फटक्याच्या वेळी आत दबतं. चेंडू आणि तोंड एकमेकांना चिकटलेले असतात सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तेवढ्यात कडक तोंडावर चेंडूच चेपतो आणि चेपण्यात ताकद वाया घालवतो. तोंड दबलं की चेंडू कमी चेपतो, आणि तोंड जवळजवळ सगळं परत देतं. पीजीए टूरवर ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी 1980 साली 257 यार्डांच्या घरात होती. 2003 साली ती 286 च्या आसपास पोचली. यात नव्या चेंडूचाही हात होता, आणि जिममध्ये जाऊ लागलेल्या खेळाडूंचाही.

नियम करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. जुनी मैदानं अपुरी पडू लागली होती. अमेरिकेच्या यूएसजीएने 1998 मध्ये तोंडाच्या या उसळीवर बोट ठेवलं. 2000 साली कॅलवेचा ‘ईआरसी’ तिथे बाद ठरला. आर्नोल्ड पामरने त्याच्या पुढच्या आवृत्तीची हौशी खेळाडूंसाठी पाठराखण केली, तेव्हा त्याच्यासारख्या लाडक्या माणसालाही बोलणी खावी लागली. मग हद्दी आखल्या गेल्या. चेंडू आणि तोंड ज्या वेगाने भिडतात, त्याच्या 83 टक्क्यांहून जास्त वेगाने ते दूर जाता कामा नयेत. हे तपासायला लंबकाला बांधलेला एक पोलादी गोळा ड्रायव्हरच्या तोंडावर हळूच आपटतात आणि दोघांचा स्पर्श किती टिकला ते मोजतात: 239 मायक्रोसेकंद, वर 18 ची सूट. जास्त टिकला तर तोंड जास्त लवचीक, म्हणजे बाद. डोकं 460 घनसेंटीमीटर, आणि पिळवट रोखण्याच्या गुणाला 5,900 चा आकडा.

इथे वंशवेलीची उंची थांबली, पसारा सुरू झाला. कारखान्यांचे अभियंते गेली वीस वर्षं छताला डोकं लावून उभे आहेत. 2004 मध्ये टेलरमेडच्या आर-7 मध्ये हलवता येणारी वजनं आली, 2009 मध्ये आर-9 ची मान फिरवून तोंडाचा कोन बदलता येऊ लागला. 2007 मध्ये चौकोनी डोकी निघाली. नायकीच्या ‘सुमो’चा आवाज पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा होता, आणि त्यातले काही नग मर्यादेपेक्षा लवचीक निघाल्याने परत मागवावे लागले. 2022 मध्ये टेलरमेडच्या ‘स्टेल्थ’चं तोंड साठ थरांच्या कार्बनचं झालं. पुढच्या वर्षी ‘स्टेल्थ-2’, त्याच्या पुढच्या वर्षी ‘क्यूआय-10’. 2024 मध्ये 10,000 चा आकडा गाजला. मर्यादा 5,900 असताना 10,000 कसे? मर्यादा एकाच अक्षाला आहे. जाहिरातीत दोन अक्षांची बेरीज केली होती. खोटं काहीच नाही. दोन पेपरांचे मार्क एकत्र करून सांगितले की निकाल नेहमीच बरा दिसतो.

त्या रविवारी माझ्या वहीत जे उतरलं, ते याच बेरजेचं फळ होतं. लांबी तीच, चुका थोड्या स्वस्त. माझ्यासारख्याला खरं तर तेच हवं असतं, कारण माझा चेंडू मधोमध बसण्याचा प्रसंग सणासुदीलाच येतो.

दरम्यान गाडी पुन्हा चेंडूवर आली आहे. क्लबला बांधून झालं तरी टूरची सरासरी तीनशे यार्डांच्या उंबऱ्याशी पोचली, तेव्हा 2023 च्या डिसेंबरात दोन्ही नियामक संस्थांनी चेंडूची चाचणी कडक करायचं जाहीर केलं. ताशी 125 मैल वेगाच्या क्लबने मारलेला चेंडू 317 यार्डांच्या, फार तर आणखी तीन यार्डांच्या पुढे जाता कामा नये. पिसांच्या जागी गटापर्चा आला तेव्हा क्लब बदलावा लागला होता. हा नवा, मंद चेंडू मैदानात आल्यावर ड्रायव्हरच्या तोंडाचं काय करायचं, ते कारखान्यांत आत्ताच चाललं असेल.

मित्राने जुना विकला नाही. नवाच परत घेतात का, ते विचारायला तो दुकानात गेला.