वार्धक्य : बिरवाडी व महाड-पोलादपूर परिसर

बिरवाडी हे महाड तालुक्यातील काळ नदीकाठचे बाजाराचे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत असली, तरी महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरतात. मागे उरतात म्हातारी माणसे. २०११च्या जनगणनेत राज्यात साठीपुढील लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६.

गुडघेदुखी, मोतीबिंदू, रक्तदाब, मधुमेह ही नेहमीची दुखणी. गोळ्या संपल्या की पायवाट उतरून एसटी गाठायची. पावसाळ्यात दरड आली की रस्ताच बंद. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे. वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा १,५०० रुपये औषधपाण्याला उपयोगी पडतात. तरुण मुंबईत असल्याने भातलावणीला मात्र घरचे हात उरत नाहीत.