सैतान

सैतान ही यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या एकेश्वरवादी धर्मांत आढळणारी, माणसाला ईश्वरापासून दूर नेणाऱ्या दुष्ट शक्तीची मूर्तिमंत कल्पना आहे. ही कल्पना प्रारंभापासून आजच्या रूपात नव्हती. हिब्रू ग्रंथांच्या जुन्या स्तरांत ‘सैतान’ हे कोणा व्यक्तीचे नाव नसून ‘विरोधक’ किंवा ‘फिर्यादी’ या भूमिकेचे नाव होते. बाबिलोनमधील निर्वासनानंतरच्या शतकांत या भूमिकेला हळूहळू स्वतंत्र व्यक्तिमत्त्व प्राप्त झाले. पारशी धर्मातील अंग्र मैन्यू व बौद्ध परंपरेतील मार यांची सैतानाशी तुलना केली जाते. तथापि त्या त्या धर्मविचारातील त्यांचे स्थान भिन्न आहे.

व्युत्पत्ती

मूळ हिब्रू शब्द ‘सातान’ असा असून विरोध करणे, आडवे येणे, आरोप करणे या अर्थांशी तो निगडित आहे. त्याला समांतर अरबी शब्द ‘शैतान’ होय. तो फारसीच्या द्वारे भारतीय भाषांत आला आणि मराठीत ‘सैतान’ असा रूढ झाला. हिब्रू ग्रंथांच्या ग्रीक अनुवादात या शब्दासाठी ‘दियाबोलोस’, म्हणजे निंदक, हा शब्द योजला गेला. पोर्तुगीज ‘दियाबो’ व इंग्रजी ‘डेव्हिल’ हे शब्द त्यावरूनच आले आहेत. ‘डेव्हिल’ आणि संस्कृत ‘देव’ यांतील उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे आहे. कुराणातील ‘इब्लिस’ हे नावही ‘दियाबोलोस’वरून आले असावे असे अनेक अभ्यासक मानतात, अरबी कोशकार मात्र ते निराश होणे या अर्थाच्या धातूपासून साधतात.

हिब्रू बायबल

जुन्या करारात हा शब्द माणसांनाही लावलेला आहे. लढाईत दावीद उलटून आपला ‘सातान’ होईल, अशी भीती पलिष्टी सरदारांना वाटते (१ शमुवेल २९). गणना २२ मध्ये तर बलामाची वाट अडवणारा परमेश्वराचा दूतच ‘सातान’ म्हणून उभा राहतो. अशा ठिकाणी शब्दाचा अर्थ केवळ अडवणारा एवढाच आहे.

ईयोब व जखऱ्या या पुस्तकांत तो शब्द हिब्रू निश्चयवाचक उपपदासह येतो, म्हणजे तेथे तो पदनाम आहे. ईयोबाच्या कथेत हा फिर्यादी ईश्वराच्या दरबारात इतर दिव्य पुरुषांसह उपस्थित असतो. ईयोबाची भक्ती निःस्वार्थ आहे का, असा प्रश्न तो उपस्थित करतो आणि ईश्वराची अनुज्ञा घेऊनच त्याची परीक्षा पाहतो. तो ईश्वराचा शत्रू नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला मोह घालणाऱ्या सर्पालाही कोठे सैतान म्हटलेले नाही.

या कल्पनेतील बदल एकाच घटनेच्या दोन वृत्तांतांत स्पष्ट दिसतो. दावीद राजाने केलेली शिरगणती पाप ठरली. २ शमुवेल २४ नुसार या कृत्यास परमेश्वराच्या कोपानेच राजाला प्रवृत्त केले. निर्वासनोत्तर काळात रचलेल्या १ इतिहास २१ मध्ये मात्र तीच प्रेरणा सैतानाकडे दिलेली आहे. सुख आणि दुःख दोन्ही एकाच ईश्वराकडून येतात, ही पूर्वीची धारणा होती. सर्वथा न्यायी ईश्वराकडे अनिष्टाचे कर्तृत्व देणे पुढे अवघड वाटू लागले, असे या बदलाचे स्पष्टीकरण दिले जाते.

पारशी धर्म

जरथुष्ट्राच्या गाथांपैकी यस्न ३० मध्ये दोन जुळ्या मूल प्रवृत्तींचे वर्णन आहे. त्यांपैकी एकीने सत्य (अश) निवडले व दुसरीने असत्य (द्रुज). या दुष्ट प्रवृत्तीचे नाव अंग्र मैन्यू. पहलवी ग्रंथांत तिचे रूप ‘अहरिमन’ असे होते. ‘बुंदहिश्न’ या ग्रंथात अहुर मज्द (ओहर्मज्द) आणि अहरिमन यांचा संघर्ष १२,००० वर्षांच्या कालचक्रात मांडला असून त्याचा शेवट दुष्टाच्या पराभवात व सृष्टीच्या नूतनीकरणात होतो.

हा धर्म मूलतः द्वैतवादी आहे काय, हा वाद एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातही गाजला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारशी धर्मावर द्वैतवादाचा आक्षेप घेतला. पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणारे जर्मन पंडित मार्टिन हौग यांनी १८६२ च्या आपल्या निबंधांत याहून वेगळे मत मांडले. जरथुष्ट्राचा ईश्वर एकच असून दोन्ही प्रवृत्ती त्याच्याच अधीन होत्या, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इ.स.पू. ५३९ मध्ये सायरसने बाबिलोन जिंकल्यावर यहुदी समाज इराणी साम्राज्याच्या छत्राखाली आला. सैतानाच्या कल्पनेवर इराणी प्रभाव पडला असावा असे मत त्यावरून मांडले जाते. त्या प्रभावाच्या प्रमाणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक भेद मात्र स्पष्ट आहे: अहरिमन हा कोणी निर्मिलेला नाही, तर सैतान हा ईश्वराचीच निर्मिती आहे.

निर्वासनोत्तर यहुदी साहित्य

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून रचल्या गेलेल्या ग्रंथांत दुष्टाच्या उगमाच्या अनेक कथा आढळतात. हनोखाच्या पहिल्या पुस्तकानुसार शमिहाजा या नायकाच्या नेतृत्वाखाली २०० देवदूत हर्मोन पर्वतावर उतरले आणि त्यांनी मानवी स्त्रियांशी संग केला. त्यांच्यातील अजाजेलाने माणसांना शस्त्रे घडवण्याची विद्या दिली. ‘जुबिलीज’ या ग्रंथातील मस्तेमा आपल्या हाताखाली काही दुष्टात्मे राहू द्यावेत अशी विनंती करतो आणि त्याला त्यांचा दहावा हिस्सा मिळतो. १९४७ पासून सापडलेल्या मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत ‘बलियाल’ हा अंधकाराच्या सैन्याचा नायक आहे. ही नावे व कथा पुढे एकाच व्यक्तिरेखेत मिसळल्या. नंतरच्या रब्बींच्या यहुदी परंपरेत मात्र सैतानाला ख्रिस्ती धर्मातील इतके महत्त्व उरले नाही. तेथे माणसाच्या मनातील ‘येत्सेर हारा’, म्हणजे दुष्ट प्रवृत्ती, हाच विचार प्रमुख ठरला.

ख्रिस्ती धर्म

नव्या करारात सैतान अरण्यात येशूची परीक्षा पाहतो आणि दुष्टात्म्यांचा अधिपती म्हणून वावरतो. प्रकटीकरण १२ मध्ये अजगर, पुरातन सर्प, दियाबोलोस व सैतान हे सर्व एकच असल्याचे सांगितले आहे. यशया १४ मधील ‘प्रभाततारा’ हे संबोधन मुळात बाबिलोनच्या राजाला उद्देशून आहे. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने त्याचा संबंध सैतानाच्या पतनाशी जोडला. लॅटिन अनुवादातील ‘लुसिफर’ हा प्रभातताऱ्याचा वाचक शब्द पुढे सैतानाचे विशेषनाम झाला.

दुष्टाला स्वतंत्र अस्तित्व नाही, तो चांगल्याचा अभाव होय, असा सिद्धान्त ऑगस्टीनने मांडला. सैतान निर्मितीसमयी चांगला होता व स्वेच्छेने दुष्ट झाला, असे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घोषित केले. साहित्यात दान्तेने त्याला नरकाच्या तळाशी बर्फात रुतलेला दाखवले. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ने (१६६७) त्याला अभिमानी बंडखोराचे रूप दिले.

इस्लाम

कुराणानुसार आदमाला नमन करण्याची आज्ञा इब्लिसने नाकारली. आपण अग्नीपासून व आदम मातीपासून निर्माण झाल्याने आपण श्रेष्ठ, असा त्याचा दावा होता. त्याला हाकलण्यात आले, पण न्यायदिनापर्यंत मुदत मिळाली. तो जिन्नांपैकी होता असे कुराणात म्हटले असले, तरी आज्ञा फरिश्त्यांना होती. त्यामुळे त्याच्या मूळ जातीविषयी भाष्यकारांत चर्चा झाली. माणसाला बोलावण्यापलीकडे आपली त्याच्यावर सत्ता नव्हती, अशी कबुली सैतान अखेरीस देतो (१४:२२). म्हणून दोष ऐकणाऱ्याकडेच राहतो. हज यात्रेत मिना येथे स्तंभांना खडे मारण्याचा विधी सैतानाच्या धिक्काराचे प्रतीक आहे. अल्-हल्लाज (मृत्यू ९२२) व अहमद गझाली या सूफींनी मात्र ईश्वराखेरीज कोणापुढेही न झुकणारा प्रेमी, अशी इब्लिसची व्याख्या केली.

भारतीय परंपरा

बौद्ध ग्रंथांतील ‘मार’ हे नाव ‘मृ’ (मरणे) या धातूपासून आले आहे. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला विचलित करण्यासाठी तो सैन्यासह येतो. तृष्णा, अरती व रगा या त्याच्या कन्या होत. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग शिल्पबद्ध आहे. ‘संयुत्त निकाया’तील कथांत बुद्धाने ओळखताच मार खिन्न होऊन अदृश्य होतो. मार हा सृष्टिकर्त्याचा प्रतिस्पर्धी नाही, कारण बौद्ध विचारात सृष्टिकर्ताच नाही. तो संसाराच्या बंधनाचे रूप आहे.

हिंदू परंपरेत सैतानाला समकक्ष अशी एक व्यक्तिरेखा नाही. दुःखाचे कारण कर्म व अविद्या यांत शोधले जाते. ऋग्वेदात ‘असुर’ हे वरुणासारख्या देवांचेही विशेषण आहे, तर अवेस्तात ‘अहुर’ पूज्य आणि ‘दएव’ त्याज्य ठरतात. हिरण्यकशिपू व रावण हे पुराणांनुसार शापित द्वारपाल जय-विजय यांचे अवतार असून अखेर त्यांचाही उद्धार होतो. असुरराजा बळीचे राज्य पुन्हा यावे, अशी प्रार्थना तर महाराष्ट्रात बलिप्रतिपदेला केली जाते.

धर्मांतरानंतर शब्दांचे अर्थ कसे पालटतात याचे उदाहरण गोव्यात आढळते. तेथील हिंदू लोकश्रद्धेत ‘देवचार’ हा गावाचा राखणदार आहे. ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानासाठी वापरला जातो.

सामाजिक परिणाम

सैतानाशी संबंध असल्याचा आरोप इतिहासात अनेकदा जीवघेणा ठरला. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकाच्या खटल्यांत सुमारे ४० ते ६० हजार लोकांना देहान्त शासन झाले, असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सैतानाशी करार हा या खटल्यांतील प्रमुख आरोपांपैकी एक होता.

उत्तर इराकमधील यझिदी समाज ‘ताऊसी मेलेक’ या मयूररूपी श्रेष्ठ देवदूताला पूज्य मानतो. इतरांनी त्याला इब्लिस समजून या समाजावर ‘सैतानपूजक’ असा शिक्का मारला. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ संघटनेने सिंजार भागात यझिदींची हत्या केली व स्त्रियांना गुलाम केले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये हा वंशसंहार असल्याचा निष्कर्ष काढला. यझिदींच्या श्रद्धेत ताऊसी मेलेक दुष्ट नाही, आणि ‘शैतान’ हा शब्द उच्चारणेही त्यांच्यात निषिद्ध आहे.

हे सुद्धा पहा

अहुर मज्द, इब्लिस, ईयोब, मार, असुर, यझिदी