टपाचे अस्तर

रजईच्या बाहेरच्या कापडाला अबरा म्हणतात आणि आतल्याला अस्तर. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. अबरा आता क्वचितच कानी पडतो; अस्तर मात्र मराठीत पक्के रुजले. इतिहास लिहिणारांची दृष्टी नेमकी उलट, ती अबऱ्यावरच खिळलेली असते. तंबूचा रंग, त्याचा कळस, मोटारीची झळाळी यांची वर्णने पानोपानी सापडतात. त्या कापडी छताखाली बसणाऱ्यास ऊन किती लागे आणि ते लागू नये म्हणून आतून काय लावीत, हे शोधू जावे तर दोन-चार ओळींवर समाधान मानावे लागते. बिदर-कलबुर्गीच्या माणसाला तरी हा प्रश्न गौण वाटू नये. बिदरचे पठार उंचावर असल्याने तेथे रात्री थोडा दिलासा मिळतो. खाली कलबुर्गीकडे उतरले की मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो.

आपल्याच भूमीवरचा एक प्रसंग घेऊ. १६५७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या फौजेने बिदरचा किल्ला वेढला. दारूच्या साठ्याला आग लागून किल्लेदार सिद्दी मर्जान होरपळला आणि सत्तावीस दिवसांत किल्ला पडला. पुढे मे महिन्यात कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, वेढा पडला तो थेट पावसाळ्यापर्यंत चालला. ऐन उन्हाळ्यात हजारो माणसे कापडाच्या छताखाली राहिली. साध्या शिपायाच्या नशिबी एकेरी कापड असणार, हे सांगावयास नको. वरिष्ठांच्या डेऱ्यांचा थाट कसा असे, याची कल्पना मोगल दरबाराच्या इतर नोंदींवरून येते.

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुक्कामाच्या वाहतुकीस शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत, असे नोंदविले आहे. त्याच ग्रंथात ‘चोबीन रावटी’चे वर्णन आहे. दहा खांबांवर उभी राहणारी ही रावटी. तिच्या भिंती आणि छत चटयांचे, आतून किनखाब व मखमल, बाहेरून लाल जाडेभरडे कापड. आपली राहुटी ती हीच. येथे चटई मध्ये आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. किनखाब वैभवासाठी असेल, पण उन्हाशी खरी झुंज मधल्या चटईचीच. १६६४ साली औरंगजेबाच्या काश्मीर-प्रवासात बरोबर असलेला फ्रेंच वैद्य बर्निए यानेही बाहेरून लाल आणि आतून मच्छलीपट्टणच्या हाताने रंगविलेल्या छिटाचे अस्तर असलेले डेरे पाहिले. टिपू सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा छिटाचा तंबू आज वेल्समधील पॉविस किल्ल्यात आहे. त्याचाही नक्षीदार भाग आतल्या बाजूस, बाहेरचे कापड साधे. पाहणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याचा विचार करणारी ही मांडणी मला फार आवडते.

अस्तराने उष्णता अडते ती कशी? उन्हात तापलेले कापड स्वतःच एक तवा होते आणि खाली बसलेल्यावर उष्णता फेकू लागते. मध्ये दुसरे कापड आले की ती झळ प्रथम त्यावर पडते. आणि दोहोंमधील कोंडलेली, स्थिर हवा ती पुढे सहजी जाऊ देत नाही. कापूस, लोकर, नमदा, गवत यांचे सारे सामर्थ्य त्यांच्यात अडकलेल्या हवेत आहे. दाबून चपटे केलेले अस्तर म्हणून निम्मे निकामी ठरते. आपल्या माळवदाच्या घरांची जात वेगळी: तेथे मातीचा जाड थरच दिवसाची उष्णता हळूहळू पिऊन घेतो आणि ती आत पोहोचेतो संध्याकाळ होते. चालत्या वाहनावर माती घालता येत नाही. बैलगाडीवर कामट्यांची कमान, तिच्यावर तट्ट्या आणि आतून वाकळ बांधून लेकीसुनांना माहेरी नेणाऱ्यांना हा भेद कोणी शिकविला नव्हता.

मोटार आली तेव्हा कापडी टपही आला. सहाव्या निजामाने मागविलेली आणि सातव्याच्या काळात हैदराबादेत पोहोचलेली पिवळी रोल्स-रॉइस सर्वांना ठाऊक असते. तिच्यातील सिंहासनाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून तिला येथेच सोडतो. आपल्या तालुक्यांतील कच्च्या रस्त्यांवर खरी रुळली ती जीप. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने विलिज जीप भारतात जोडावयास घेतली. ती मुळात युद्धासाठी बनलेली गाडी. टप म्हणजे सांगाड्यावर ताणलेले एकेरी कॅनव्हास. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, औराद इकडे राहिले. सोयरे सीमेपलीकडे, शेत अलीकडे. सुतक असो की सोयरीक, भर दुपारीही निघावेच लागे.

युरोपात कापडी टपाचा विचार थंडीच्या बाजूने झाला. १९४९ पासून कारमान कारखान्याने बांधलेल्या उघड्या फोक्सवॅगन बीटलचा टप अनेक थरांचा होता. मध्ये जाड भरण आणि आतून वेगळे अस्तर, म्हणून तो दुमडला की मागे गाठोड्यासारखा उंच दिसे. हाच या कामातील पेच आहे. अस्तर जितके जाड, तितका टप दुमडावयास अवघड. बळेच दाबला तर कड्या आणि बिजागऱ्या ताणल्या जातात.

२०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये दुमडता कापडी टप मिळू लागला आणि आपल्याकडील तरुणांत त्याची हौस पसरली. जुन्या जीपा सांभाळणारीही घरे आहेत. अस्तर घालावयाचे झाल्यास ते टपाच्या सांगाड्याच्या कमानींना पट्ट्यांनी बांधावे, बाहेरच्या कापडास शिवू नये. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पावसाळ्यात पाणी झिरपते. दुमडते त्या जागी कापड थोडे सैल ठेवावे. चकाकती पन्नी लावावयाची असेल तर तिच्यासमोर हवेची पोकळी हवीच. कापडाला चिकटवली की तिचा परावर्तनाचा गुण वाया जातो. स्वस्त स्पंज पाणी धरतो, त्याला बुरशी येते, आणि काही उन्हाळ्यांत तो भुगा होऊन प्रवाशांच्या डोक्यावर पडू लागतो. पातळ नमदा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास जुन्या सुती लुगड्याचे चार पदर सैल टाके घालून वापरावेत आणि मृग लागण्यापूर्वी सोडून घरात ठेवावेत.